यजमानांची सहल

नाशिकात ज्याचे घर आहे त्याने पाहुण्यांची वाट पाहण्याचे कारण नसते. ते येणारच असतात, प्रश्न केवळ या खेपेस कोणत्या निमित्ताने येतील एवढाच उरतो. ज्यांना पुण्य हवे ते रामकुंडावर स्नानाला येतात. ज्यांच्या घरी नुकतेच दुःख झाले ते अस्थिविसर्जनाला येतात. ज्यांचे काहीच सुरळीत चालत नाही ते त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी करावयास जाता-जाता येतात, आणि ज्यांचे सर्वच सुरळीत चालले आहे ते द्राक्षांच्या हंगामात सहज म्हणून येतात. बारा वर्षांनी गुरू सिंह राशीस गेला की अखिल भारतवर्षच येते. इंग्रजी अमदानीत मुंबईकरांची प्रकृती बिघडली की डॉक्टरमंडळी त्यांस हवापालटासाठी देवळालीस धाडीत, आणि तेथे त्यांच्याकरिता आरोग्यभुवने बांधलेली असत. म्हणजे तीर्थ तर आमच्याकडे पूर्वापार होतेच, पण हवादेखील सरकारने आमच्याच गावाच्या खात्यावर जमा धरली. या सर्व मंडळींपैकी ज्यांचा ज्यांचा आमच्याशी आतेमामे, चुलतचुलत, अथवा 'तुमच्या आजोबांच्या शेजारी राहत होतो' एवढाही संबंध पोचतो, ते सर्व पंचवटीतल्या आमच्या वाड्यात उतरतात आणि जाताना चिवडा कोणत्या दुकानातला घ्यावा व पैठणीसाठी येवल्यास जाऊन येण्यास किती वेळ लागेल, हे विचारून आणखी एक दिवस राहतात.

अशा गावात पिढ्यान्‌पिढ्या काढलेल्या कुटुंबाच्या अंगी काही गुण आपसूक मुरतात. दाराची कडी वाजली की कोण आले हे पाहण्यापूर्वी दोन मुठी तांदूळ अधिक वैरायचे. पाहुणा 'आता निघतो' म्हणाला की ते वाक्य कानावर पडलेच नाही असे दाखवून चहाचे आधण ठेवायचे. आणि 'तुमच्याकडे गर्दी तर नाही ना?' या पृच्छेस, माजघरात पाय ठेवावयास जागा नसतानाही, 'छे, छे, घर तुमचंच आहे' असे उत्तर द्यायचे, हे आमच्याकडे मुलांना परवचा शिकविण्याआधी शिकविले जाते. रामकुंडावरील तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांतून यात्रेकरूंच्या घराण्यांची पिढीजात नामावळी नोंदलेली असते. आमच्या थोरल्या आत्यांच्या स्मरणात कोणत्या घराण्यातील कोणता पुरुष कोणत्या साली जेवून गेला, त्यास कारले चालत नव्हते की वांगे, आणि निघताना त्याने कोणाची छत्री नेली, याची नोंद त्याहून बिनचूक आहे. मात्र न्यायासाठी एक गोष्ट येथेच सांगून टाकली पाहिजे. या आतिथ्याची कीर्ती आजवर घरातील पुरुषांच्या खाती जमा होत आली असून त्याचे श्रम स्त्रियांच्या खाती खर्ची पडत आले आहेत, आणि या दोन्ही खात्यांची एकदा समोरासमोर बसून रुजुवात करावी, असे कोणाही कर्त्या पुरुषास अद्याप सुचलेले नाही.

म्हणूनच की काय, वर्षातून तीन दिवस आपणही कोणाचे तरी पाहुणे व्हावे, आयत्या पाटावर बसावे, आयते ताट समोर यावे आणि जेवण होताच हात धुऊन खुशाल निघून जावे, ही कल्पना प्रथम घरातील एका सुनेने, म्हणजे आमच्या मधल्या वहिनींनी काढली. ती इतकी क्रांतिकारक ठरली की ती कोणाची हे सर्वजण तत्काळ विसरले आणि थोरल्या काकांची म्हणून एकमताने मंजूर झाली. तेव्हापासून गंगापूर रोड, इंदिरानगर, पुणे, डोंबिवली अशा नाना मुलखांत पांगलेली आमची पंचवीस-तीस माणसे मे महिन्याच्या अखेरीस एकत्र होऊन भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तीन रात्रींचा मुक्काम करतात, असा शिरस्ता पडला आहे.

पाणीच पाहावयाचे तर गंगापूरचे धरण शहराला लागूनच आहे, तेथे नौकाविहाराचीही सोय आहे, मग सह्याद्रीच्या कुशीत एवढे लांब जाण्याचे प्रयोजन काय, अशी शंका दरवर्षी कोणी ना कोणी उपस्थित करतो. तिला थोरल्या काकांचे उत्तर ठरलेले आहे. गंगापूरच्या धरणावर पाहुणे येऊन गाठतात. आरंभी एकदा तो प्रयोग झालाही होता, आणि दुपारी आम्ही काठावर सतरंजी पसरतो न पसरतो तोच 'वाड्याला कुलूप दिसलं, शेजारी म्हणाले धरणावर गेलेत, म्हणून रिक्षा करून इकडंच आलो' असे म्हणत एक चौकोनी कुटुंब प्रकट झाले होते. काका महसूल खात्यात हयात घालवलेले असल्यामुळे हद्दीचे महत्त्व जाणतात. जिल्ह्याची शीव ओलांडल्याखेरीज माणसाची जबाबदारी सुटत नाही, हा त्यांचा सिद्धांत. भंडारदरा नाशिकपासून सत्तर किलोमीटरांच्या आसपास असले तरी ते अकोले तालुक्यात, म्हणजे परजिल्ह्यात मोडते. तो जिल्हा आमच्या पाहण्यात अहमदनगरचा अहिल्यानगर झाला; तथापि नाव बदलले तरी हद्द कायम आहे, याची काकांनी खात्री करून घेतली आहे.

मुंबईच्या महामार्गाने घोटीपर्यंत जायचे आणि तेथे डाव्या हातास वळायचे, एवढाच रस्ता. परंतु घोटी हे भातगिरण्यांचे गाव. तेथे गाडी थांबवून तांदूळ घेतल्यावाचून पुढे जाणे आमच्या आत्यांना अशक्य होते. जेथे जावयाचे तेथे दोन्ही वेळचे भोजन भाड्यात समाविष्ट आहे, ही गोष्ट त्यांना ठाऊक नसते असे नाही. "असू द्या की, तांदूळ काय मागतोय?" एवढेच त्या म्हणतात, आणि पोते टपावर चढते.

घोटी सोडली की कळसूबाईचे शिखर दिसू लागते. महाराष्ट्रातील हे सर्वोच्च शिखर, उंची १,६४६ मीटर. पायथ्याचे बारी गाव आमच्या वाटेवरच लागते. या शिखरावरील देवीची कथा मोठी मार्मिक आहे. कळसू नावाची एक मुलगी एका घरी कामास राहिली ती मुळी भांडी घासणार नाही व केर काढणार नाही, या अटीवर. काही काळ सर्व ठीक चालले. पुढे एके दिवशी घरात पुष्कळ पाहुणे आले आणि निकडीमुळे तिला भांडी घासावयास सांगण्यात आले. तिने ती निमूटपणे घासली, आणि नंतर उठून जी डोंगरावर निघून गेली ती पुन्हा खाली उतरली नाही. लोक तिला देवी मानू लागले. ही कथा गाडीत दरवर्षी सांगितली जाते. सांगतात काका, आणि ऐकताना पुरुषमंडळींचे लक्ष बहुधा खिडकीबाहेर असते. घरातील सुना मात्र ती प्रत्येक वेळी प्रथमच ऐकत असल्याप्रमाणे एकाग्र चित्ताने ऐकतात, आणि कथा संपताच सर्वांचे हात एकाच क्षणी शिखराच्या दिशेने जोडले जातात. आमच्या कुळाचे कुलदैवत निराळे असले तरी सुनांनी आपापसांत हे एक स्वतंत्र दैवत मुक्रर केलेले दिसते.

मुक्कामाची जागा शेंडी गावापासून जवळच, पाण्याच्या काठी आहे. कौलारू छपरांच्या सात कॉटेजी, मध्ये अंगण, एका बाजूस भोजनगृह. यांपैकी सहा कॉटेजींतून परस्परांच्या पाठभिंती, आंब्याचे एक झाड व विजेचा जनरेटर यांचे सुरेख दर्शन घडते. सातवी मात्र थेट पाण्यावर आहे. तिच्या ओसरीत खुर्ची टाकून बसले असता समोर जलाशय, त्यापलीकडे रतनगडाचे रांगडे शिखर आणि त्याचा खुटा, हे सर्व मानही न वळविता दिसते. सरकारी जमाबंदीत ज्याप्रमाणे एकच शेत काळे कसदार असावे आणि त्यासाठी सारा गाव भांडावा, तसा प्रकार येथे व्हावयास हवा होता. परंतु भांडण्यासाठी जो स्वार्थ लागतो तो आमच्या घराण्यात यजमानकीने पार नष्ट करून टाकला आहे. घरातील उत्तम खोली पाहुण्यास द्यायची, ही आमची रीत. प्रश्न असा उद्भवला की येथे सगळेच यजमान. पाहुणा कोणास म्हणावे?

"आम्हां म्हाताऱ्यांना काय करायचंय पाणी बघून?" थोरल्या काकांनी आरंभ केला. "ती खोली नव्या जोडप्याला द्या."

नवे जोडपे लाजले आणि म्हणाले, "नको काका, आत्यांना द्या. त्यांना पहाटे उठून बसायला बरं."

आत्या म्हणाल्या, "मला मेलीला पाण्याकडं बघितलं की हुडहुडी भरते. जावईबापूंना द्या, त्यांचा मान आहे."

जावई हा शास्त्रतः पाहुणा. प्रश्न सुटल्यात जमा होता. पण आमच्या घरी वर्षानुवर्षे येऊन-जाऊन जावईबापूंनाही या रोगाची लागण झालेली. "माझं काय आत्या, मी घरचाच," असे म्हणून त्यांनी ती सनद डोंबिवलीच्या काकूंना बहाल केली; काकूंनी ती गुडघ्यांच्या कारणास्तव नाकारून परीक्षेच्या अभ्यासासाठी एका पुतण्याच्या नावे केली; पुतण्या परीक्षेत यापूर्वीच नापास झाला असल्याचे तेथे उघडकीस आले आणि विषयाला निराळेच वळण लागले. ही मसलत दुपार टळेपर्यंत चालली होती. तोवर गाडीवानाला परत जायची घाई झाल्यामुळे त्याने टपावरचे सर्व सामान उतरवून जवळ पडणाऱ्या त्या सातव्या कॉटेजीत रचून ठेवले. तांदळाचे पोते, आंब्यांच्या पेट्या, चिवड्याचे डबे, मेतकूट, गोडा मसाला, लोणच्याच्या बरण्या, पोळपाट, लाटणे, पुरणयंत्र, दोन मोठी पातेली, एक शेगडी, आणि ऐन वेळी कोणाची ओटी भरावी लागली तर असावे म्हणून नारळ व खण. वहिवाटीने हक्क शाबीत झाला. सामान एकदा लागले ते पुन्हा कोण हलविणार? अशा रीतीने त्या सबंध मुक्कामात रतनगडाकडे व जलाशयाकडे तोंड करून सुखेनैव राहण्याचा मान लोणच्यांना मिळाला, आणि आम्ही चार-पाच जण मिळून एकेका खोलीत जनरेटरच्या सान्निध्यात निजलो.

आणि हे त्या वर्षापुरते नव्हते. दुसऱ्या वर्षापासून 'सामानाची खोली' म्हणूनच ती मॅनेजरच्या वहीत नोंदली जाऊ लागली.

मुक्कामाच्या पहिल्या सायंकाळी थोरल्या आत्या स्वयंपाकघरात गेल्या. 'नुसतं बघून येते' असे सांगून गेल्या. तेथील स्वयंपाकी शेंडीचाच, पंचविशीतला, स्वभावाने अत्यंत नम्र. त्याने आमटी केली होती. आत्यांनी ती चाखली नाही, केवळ तिच्याकडे पाहिले, आणि विचारले, "गोडा मसाला नाही वाटतं मिळत इकडं?"

"आजी, तुम्ही बसा ना बाहेर. मी आणतो वाढून."

"बसत्येच आहे रे. तेवढा गूळ कुठं ठेवतोस ते सांग."

यानंतर घडलेल्या सत्तांतरात रक्तपात झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेगडी बाहेर आली, सामानाच्या खोलीतून पातेली आली, दोघी धाकट्या आत्या कुमक म्हणून दाखल झाल्या, आणि मध्यान्ही पंगत बसली तेव्हा आमरस, पुऱ्या, कोथिंबिरीच्या वड्या व भरली वांगी असा बेत होऊन तो स्वयंपाकी, मॅनेजर, बाग शिंपणारा माळी आणि पहाऱ्याचा म्हातारा, असे चौघेही पहिल्या पंगतीत पाटावर बसलेले होते. आमची पुरुषमंडळी वाढत होती. "नको आता, आजी, खरंच नको," असे तो स्वयंपाकी काकुळतीस येऊन म्हणत होता, आणि "नको कसं? तुझ्या वयाला दगड पचतात," असे म्हणून आत्या त्याच्या पानात चौथी वाटी रस ओतीत होत्या. ज्या जेवणाचे पैसे आम्ही आगाऊ भरले होते ते जेवण, त्याचा शिधा घरून आणून, स्वहस्ते रांधून, ज्यांनी ते आम्हांस वाढावयाचे त्यांनाच आग्रहाने वाढून आम्ही कृतार्थ झालो. यजमानकीचे व्यसन किती खोल जाऊ शकते याचा याहून स्वच्छ पुरावा कोणत्याही न्यायासनास मिळणार नाही.

त्या धामधुमीत मधल्या वहिनी कोठे होत्या? मला याचे फार दिवस कोडे होते. ही सर्व कल्पना मूळ त्यांची; आणि शेगडी पेटलेली पाहताच त्या कळसूबाईचे नाव घेऊन रुसतील, अशी माझी अटकळ होती. तसे काही झाले नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "हिंगाची डबी सामानाच्या खोलीत राहिली वाटतं. मी आणते." हिंगाची डबी आणण्यास त्यांना दोन तास लागले. परतल्या तेव्हा चेहरा टवटवीत होता आणि हाती हिंग नव्हता. दुपारी धाकट्या वहिनी लोणच्यासाठी गेल्या, त्याही दिवे लागणीस आल्या. सायंकाळी पुण्याच्या सूनबाईंना मेतकूट हवे झाले. त्या मुक्कामात आमच्या स्वयंपाकात हिंगमेतकुटाचा जेवढा खप झाला तेवढा वर्षभरात होत नसेल. सामानाच्या ओसरीत एक खुर्ची कायमची टाकलेली होती, ती कोणी टाकली याची चौकशी करण्याची बुद्धी आत्यांस झाली नाही, किंवा झाली असूनही त्यांनी केली नाही. आत्या वाटतात तेवढ्या साध्या नाहीत.

आता जलाशयाविषयी. वाचकास वाटेल की एवढे सगळे सांगितले, पण पाणी कोठे आहे? आमची मुलेही नेमके हेच विचारतात. शाळांची सुटी आणि धरणाचे पाणी यांची गाठ विधात्याने घातलेली नाही. धरण भरते ते श्रावणाच्या मागेपुढे, तेव्हा मुले वर्गात असतात, आणि मुले मोकळी होतात तेव्हा मे महिना असून धरणाचा बराच भाग चिखलाच्या भेगांनी नटलेला असतो. अशा वेळी मधले काका पुढे सरसावतात. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे नसलेल्या पाण्याची माहिती तपशीलवार देऊ शकतात. हे धरण प्रवरेवरचे. त्याच्या कामास १९१० साली आरंभ होऊन ते १९२६ साली पुरे झाले आणि मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्यास मिळाले. जलाशय आर्थर साहेबाच्या नावाने ओळखला जातो. "म्हणजे भिंत एका साहेबाची आणि पाणी दुसऱ्याचं," काका सांगतात, "आणि बांधायला दगड उचलले ते मात्र आपल्या लोकांनी." पूर्ण भरल्यावर त्यात ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी साठते. ते सर्व येथे बसून पाहण्यासाठी नसून खाली लाभक्षेत्रात आवर्तनाने सोडण्यासाठी आहे. दुष्काळाने होरपळणाऱ्या मुलखास याच पाण्याने कालवे मिळाले, कालव्यांमुळे ऊस आला, आणि उसामुळे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या उद्योगाने प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहून १९५० च्या सुमारास त्याचे गाळप सुरू झाले.

"तेव्हा पाणी कुठं गेलं असं विचारू नका," काका समारोप करतात. "सकाळी चहात दोन चमचे घातलंत, ते काय होतं?"

मुलांचे यावर समाधान होत नाही. त्यांना अम्ब्रेला फॉल पाहावयाचा असतो. धरणाच्या पायथ्याशी खडकावरून पाणी सर्व बाजूंनी छत्रीच्या आकारात कोसळते, तोच हा धबधबा. मात्र धरणातून पाणी सुटले असेल तरच तो अस्तित्वात येतो, एरवी तो केवळ खडक असतो. काका त्या खडकासमोर उभे राहून विसर्गाचे गणित समजावून सांगतात. रंधा धबधब्यापाशीही हीच कथा. एवंच, आमच्या मुलांनी भंडारदऱ्याचे सर्व धबधबे पाहिलेले आहेत. त्यांतील एकातही पाणी पाहिलेले नाही.

आत्यांची गोष्ट याहून निराळी. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो, आणि त्या गंगेच्या काठी जन्म काढलेल्या बाईने सत्तर किलोमीटरांवर येऊन दुसऱ्या नदीत उतरावे, हे त्यांना प्रथम किंचित अवघड वाटले. स्नानाच्या श्लोकात सात नद्यांना आवाहन असते. त्यांत गोदावरी आहे, प्रवरा नाही. वस्तुतः प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावून पुढे प्रवरासंगमी गोदावरीसच मिळते आणि लोक तिला अमृतवाहिनी म्हणतात. असे असता तिला वगळावे हे आत्यांना अन्यायाचे वाटले. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून त्यांनी यथासांग श्लोक म्हटला, क्षणभर थांबल्या, आणि मग प्रवरेला उद्देशून चारचौघीला म्हणावे तशा सुरात म्हणाल्या, "तूसुद्धा ये गं बाई." पंगतीत आठवा पाट मांडला गेला.

मेअखेरीस येथे येण्याचे आणखी एक निमित्त म्हणजे काजवे. पाऊस तोंडावर आला असता कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर लक्षावधी काजवे एकाच वेळी उजळतात आणि एकाच वेळी विझतात. तेथे दिवे विझवून, आवाज न करता उभे राहावे, अशी वनखात्याची सक्त ताकीद असते. पहिल्या कलमाचे पालन आम्ही करू शकतो. जीवशास्त्र शिकविणाऱ्या पुतणीने हलक्या आवाजात सांगितले, की हा सगळा लखलखाट नर काजवे मादीचे लक्ष वेधण्यासाठी करीत असतात; त्याबरोबर अंधारातून आत्यांचा आवाज आला, "आणि इतके असूनही तुझं अजून जमत नाही." यानंतर सबंध सादड्याच्या झाडाखाली उपवर मुलामुलींच्या याद्यांची देवघेव सुरू झाली आणि आसपासच्या पर्यटकांनी तीन वेळा शुक्‌ शुक्‌ केले.

त्याच रात्री वळीव कोसळला. आमच्या शेजारच्या मोकळ्या मैदानात मुंबईहून आलेली काही मंडळी तंबू ठोकून उतरली होती. वाऱ्याने तंबू उडाले, अंथरुणे भिजली, दोन लहान मुले रडू लागली, आणि ती बारा-तेरा माणसे विजांच्या उजेडात आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. त्या क्षणी आमच्या कुटुंबात जो चैतन्याचा संचार झाला त्याचे वर्णन करणे कठीण आहे. तीन दिवस ज्या एका गोष्टीवाचून आमचा जीव कासावीस होत होता, ती साक्षात दारी आली होती. कोणी कोणास आज्ञा केली नाही. काकांनी कंदील उंच धरला, जावईबापूंनी कोरडे पंचे काढले, आत्यांनी आधण ठेवले, आणि जे सामान हलविणे कित्येक वर्षे अशक्य समजले गेले होते ते पोत्याबरण्यांसकट दहा मिनिटांत बाहेर काढून, केर काढून, चादरी घालून सातवी कॉटेज पाहुण्यांच्या स्वाधीन झाली. "तुमची गैरसोय होईल," असे त्यांच्यातील वडीलधारे गृहस्थ म्हणाले, तेव्हा "छे, छे, घर तुमचंच आहे," असे आमच्यातील सात-आठ जण एकाच सुरात म्हणाले. भिजलेल्या अवस्थेत जोडलेले मॅनेजरचे हात तसेच राहिले. ते घर वस्तुतः त्याचे होते.

सुनांनी त्या मध्यरात्री पिठले-भात केला. मधल्या वहिनी काही बोलल्या नाहीत. पण भांडी घासण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी पदर खोचला नाही, की मागे सरल्याही नाहीत. काळोखात शिखराच्या दिशेने त्यांनी एकदा पाहिले, आणि नंतर राखेची वाटी शांतपणे थोरल्या काकांच्या पुढे ठेवली. काकांनी कळसूबाईची कथा आजवर फार वेळा सांगितली होती. ते निमूटपणे उकिडवे बसले. त्यांच्यामागून दोघे पुतणे बसले, मग जावईबापूही. पातेली मात्र फारशी स्वच्छ निघाली नाहीत.

सकाळी मुंबईच्या बाईंची ओटी भरली. नारळ व खण आणले होतेच, आणि 'हे कशाला?' असे घोटीस विचारणारे सर्वजण आता आत्यांच्या दूरदृष्टीपुढे नतमस्तक झाले. तेवढ्यावर भागले असते तर हिशेब सरळ होता. परंतु आमचे पाहुणे आमच्या खोलीत राहिले, तेव्हा त्यांच्याकडून तुम्ही पैसे घेता कामा नयेत, असा काकांनी मॅनेजरपाशी आग्रह धरला. मॅनेजर म्हणाला, तुम्ही स्वयंपाक स्वतः केलात, माझी माणसे तुमच्याकडे जेवली, तेव्हा मीच काही रक्कम वजा करायला हवी. काका म्हणाले, वजावाट कसली, जेवायला घातल्याचे पैसे आमच्या घराण्यात कोणी घेतलेले नाहीत. मॅनेजर म्हणाला, मग माझ्या वहीत हे कोणत्या रकान्यात लिहू? दोघेही एकमेकांच्या खिशात नोटा कोंबू लागले आणि वाद हातघाईवर आला, तेव्हा आत्या मध्ये पडल्या. त्यांनी पैशांची गोष्टच बंद केली, मॅनेजरला घरची विचारपूस केली, आणि त्याचा मुलगा बारावी झाला असून जूनपासून नाशिकच्या महाविद्यालयात जाणार आहे, पण राहण्याची सोय अद्याप लागलेली नाही, हे काढून घेतले.

मुलगा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आला. वाड्यातली माडीवरची खोली, घरातील त्यातल्या त्यात उत्तम, त्याला दिलेली आहे. ज्या पुतण्याची ती होती तो सध्या जिन्याखाली निजतो. पोरगा गुणी आहे, जेवताना लाजतो, नागलीच्या भाकरीची त्याला आठवण येते म्हणून आत्यांनी नागली आणविली आहे. परवा काकांनी त्याला विचारले, "काय रे, सगळं ठीक आहे ना? संकोच करू नकोस, घर तुझंच आहे." त्याने थोडे आढेवेढे घेतले आणि म्हणाला, "सगळं झकास आहे, काका. तेवढं खिडकीतून पाणी दिसत नाही."